उधाणाची शेवटची भरती

बाबांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला दादा राजधानीहून येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यामुळे साडेअकराला फाटकाशी सरकारी मोटार थांबली, तेव्हा आईनं आधी मागे वळून तळायला काढलेल्या माशांकडे पाहिलं, ते सगळ्यांना पुरतील याची खात्री केली आणि मगच मुलाला जवळ घेतलं. दादाच्या मागून वहिनी उतरली. दोघांच्या हातात ना फुलं, ना मिठाई, ना साधी पिशवी. छोटीनं ते खिडकीतून पाहिलं आणि तिची नजर समुद्राकडे गेली.

सकाळपासून खाडीच्या तोंडाबाहेर पाच जहाजं नांगर टाकून उभी होती. एक युद्धनौका आणि सैनिकांनी खच्चून भरलेली चार मोठी जहाजं. सगळी उत्तरेच्या देशाची. परराष्ट्र खात्यातला अधिकारी अशा दिवशी राजधानी सोडून बापाच्या वाढदिवसाला येत नसतो.

घरात तिला अजून सगळे छोटीच म्हणायचे. वय चौतीस, आवाज भरतीच्या वाऱ्यातही पलीकडे पोचेल असा, पण घरात छोटी. बंदरावर मात्र ती 'बाई' होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांबलचक दांडा होता आणि तो दर दोन-तीन वर्षांनी कूस बदलायचा. बाहेरून जहाज आलं की लाँचमधून त्याच्यापर्यंत जायचं, दोरशिडीनं वर चढायचं, कप्तानाच्या शेजारी उभं राहायचं आणि साखळीनं बांधलेल्या सात लाल तरंगत्या बोयांच्या कडेकडेनं त्याला आत आणायचं. हे काम आधी आजोबांनी केलं, मग बाबांनी. बाबांना लांबचं धूसर दिसायला लागलं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, ती करत होती. सरकारी कागदांवर पायलट, गावाच्या तोंडी वाटाड्या. एवढ्याशा बंदराला एकच वाटाड्या असायचा आणि तो याच घरातला असायचा.

"बस आधी. पाणी घे," आई म्हणाली.

"आई, वेळ नाही गं."

"वेळ नाही तर आलास कशाला?"

मामा खुर्चीत मागे रेलून हसला. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, लाँचच्या इंजिनांचा मिस्त्री. त्याच्या नखांतलं काळं तेल त्याच्या लग्नातही निघालं नव्हतं, असं आई सांगायची. "अगं, साहेब आहेत ते," तो म्हणाला. "साहेब लोक वेळ नसला की येतात. वेळ असला की पत्र पाठवतात."

दादा हसला नाही. टेबलाशी बसला, ताट थोडं सरकवलं आणि छोटीकडे पाहून म्हणाला, "आज भरती किती वाजता?"

"सव्वाचार."

"पाणी पुरेल?"

"कुणाला?"

"छोटे, उगाच वेड पांघरू नकोस. त्या पाच जहाजांना."

छोटीनं हातातला घास खाली ठेवला. "आज पुरेल. आज उधाणाचा शेवटचा दिवस. उद्या दुपारी पाणी वीतभर कमी, परवा हातभर. पहाटेच्या भरतीला अंधारात या वाटेनं कुणी शिरत नाही. मग दोन आठवडे त्यांच्यासारख्या जड जहाजाला आत यायला जागा नाही."

"म्हणजे आजच."

"म्हणजे काय आजच?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी ताटात पाहत होती. ती मूळची उत्तरेची. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी दोन महिने कुणी नीट बोललं नव्हतं, कारण आई आणि मामा दक्षिणेचे. उत्तर आणि दक्षिण गेले चार महिने पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि मधला हा देश तटस्थ होता. तसं सरकारनं ठळक अक्षरांत छापून पोस्टाच्या भिंतीवरही लावलं होतं.

"तटस्थ राहायचंच आहे," दादा म्हणाला. तो शब्द जपून, एकेक करून टेबलावर ठेवत होता. "पण काल रात्री मंत्रिमंडळाची बैठक झाली. उत्तरेनं निरोप पाठवलाय. वाट दिली नाही तर ते आपल्याला शत्रू समजतील. आपल्याकडे आहे काय? किल्ल्यावर तीन तोफा, त्यातली एक सलामीची. म्हणून असं ठरलं, की कायद्यात एक सोय आहे ती वापरायची. वादळात सापडलेल्या जहाजाला तटस्थ देशानंही आसरा द्यावा लागतो."

"कुठलं वादळ?"

"तू तुझ्या नोंदवहीत लिहिशील ते."

छोटी उठून खिडकीशी गेली. पडदा पूर्ण बाजूला केला. समुद्र नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा पडला होता. त्यावर पाच जहाजं उभी, आणि त्यांच्या धुराच्या पाच रेघा सरळ वर गेलेल्या.

"दादा, इकडे ये. मला वादळ दाखव. दाखवलंस की लिहिते."

मामा पुन्हा हसणार होता, पण जहाजांकडे पाहून त्यानं ताट बाजूला सारलं. जहाजं आत आली की माणसं धक्क्यावर उतरणार. धक्क्यापासून घाटाचा रस्ता. घाट ओलांडला की तीन दिवसांच्या चालीवर दक्षिणेची पाठ, जिथे एकही चौकी नाही, कारण तटस्थ शेजाऱ्याच्या बाजूला कुणी चौक्या बांधत नाही. हे सगळं त्या टेबलावरच्या प्रत्येकाला पाठ होतं. कारण अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं.

तेव्हा आजोबांनी उत्तरेचं आरमार आत आणलं होतं. 'एका रात्रीपुरतं' असं त्यांना सांगितलं होतं. ते अकरा वर्षं राहिलं. चौथ्या दिवशी घाटापलीकडचं गाव जळलं. त्या गावातून दहा वर्षांची आई आणि तेरा वर्षांचा मामा एका हातगाडीखाली लपून बाहेर पडले. मग दक्षिणेनं चिडून या बंदरावर बाँब टाकले, आणि ज्या देशाचं कुणाशी भांडण नव्हतं त्याची तीन शहरं गेली.

"जे व्हायचं ते होतंच," मामा हळूच म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे असं पाहू नका. मी एकदा पळालोय. आता गुडघे नाहीत माझ्याकडे. आत येतील, निघून जातील. आपण दारं लावून बसू. नाही म्हटलं तर पहिला गोळा इथे पडेल, या टेबलावर."

"भाऊ, तू हे बोलतोयस?" आई म्हणाली.

"मीच बोलणार. जळताना मी पाहिलंय."

"मी काय डोळे मिटले होते?"

दादा मध्ये पडला. "आई, आजोबांनी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी..."

हे वाक्य या घरात अठ्ठेचाळीस वर्षं चालत आलेलं होतं. बाबा ते म्हणायचे, काका म्हणायचे, छोटीही शाळेत मुली चिडवायच्या तेव्हा हेच म्हणायची. आज पहिल्यांदाच ते तिला उघडंबोडकं दिसलं.

"दुसरं कोण होतं दादा?" तिनं विचारलं. "तेव्हाही एकच वाटाड्या होता."

दादानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि तो लहानपणी परीक्षेत नापास झाल्यावर दिसायचा तसा दिसला.

"कुणी नव्हतं," तो म्हणाला. "आमच्या खात्यात यावर एक अख्खं कपाट भरून अहवाल आहेत. मी सगळे वाचलेत. आपण तेव्हा खरोखर तटस्थ राहिलो असतो, तर उत्तरेचं सैन्य त्यांच्याच डोंगरात अडकलं असतं. दोन महिन्यांत बर्फ पडला असता. त्यांच्याकडे धान्य नव्हतं. वर्षाच्या आत तह झाला असता. ती अकरा वर्षं झाली नसती. सरहद्द आज आहे तिथे नसती, घाटापलीकडची चार खोरी ओसाड नसती, आणि आजचं हे युद्धही बहुतेक झालं नसतं, कारण हे त्याच खोऱ्यांवरून चाललंय. असं झालं असतंच, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण अहवाल लिहिणाऱ्या सगळ्यांना तसं वाटतं."

"आणि हे सगळं वाचलेल्या माणसाला त्यांनी मला वादळ लिहायला सांगायला पाठवलं?"

"मी तुझा भाऊ आहे म्हणून पाठवलं."

"लेखी दिलंय?"

"नाही."

"मग उद्या काही झालं तर छोटीनं केलं," आई म्हणाली. "जसं आजोबांनी केलं."

इतका वेळ बाबा बोलले नव्हते. ते माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावत होते. आता त्यांनी हात पुसले.

"हिला जाऊ देऊ नका," ते म्हणाले. "मी जातो."

"बाबा, तुम्हाला चौथ्या बोयापुढचं दिसत नाही."

"ती वाट पाहायला मला डोळे लागत नाहीत. सरकारला जहाजं आत हवीत, मी आणतो. हिच्या नावावर हे लागायला नको. माझ्यावर एकदा लागलेलंच आहे."

"तुमच्यावर?" आईनं विचारलं. "तुम्ही तर त्या दिवशी तुमच्या काकांकडे होता ना? गावात नव्हता."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. छोटीला वाटलं, ते पुन्हा गप्प बसतील. या घरातले पुरुष गप्प बसण्यात पटाईत होते.

"मी लाँचवर होतो," ते म्हणाले. "सतरा वर्षांचा होतो. वडील कप्तानाजवळ उभे होते आणि मी पुढे लाँचमधून शिसं सोडून खोली मोजत होतो. 'सहा वाव. साडेपाच. सहा.' ओरडून सांगत होतो. आवाज चांगला होता माझा. ते आरमार माझ्या आवाजावर आत आलं."

स्वयंपाकघरात तेलाची कढई अजून आचेवर होती. वहिनी उठली आणि आच बंद करून परत येऊन बसली.

आई नवऱ्याकडे पाहत राहिली. एकेचाळीस वर्षांचा संसार होता. तिच्या तोंडून काय निघेल याची छोटीला भीती वाटली.

"मला लग्नाआधी सांगितलं असतंत, तर मी तुमच्याशी लग्न केलं नसतं," आई म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच नाही सांगितलं."

"त्याचा हिशेब आपण नंतर करू. मी विसरणार नाही." ती खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसली. "आधी आजचं सांगा. तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होता. आज किती वर्षांचे आहात?"

छोटीनं दारामागची जाड जाकिटं चाचपली आणि आपलं काढलं.

"कुठे निघालीस?" दादा उभा राहिला.

"कामावर. बाहेर जहाज आलं की पायलटनं जाऊन काय ते सांगायचं असतं. नियमच आहे. मी त्यांना सांगते, हा देश तटस्थ आहे आणि हवा स्वच्छ आहे."

"ते ऐकतील?"

"त्यांनी ऐकायचं की नाही ते त्यांच्यावर. मी सांगायचं की नाही ते माझ्यावर."

"तुला त्यांची भाषा येत नाही," वहिनी म्हणाली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती. तिनं आईच्या खुंटीवरचं जाकीट काढून अंगात घातलं. बाह्या तिला आखूड झाल्या. "मी येते."

"तू कुठे मध्ये..." दादा म्हणाला.

"माझा भाऊ वसंतात सैन्यात भरती झाला. सहा आठवडे पत्र नाही. तो त्या चारांपैकी कशावर असेल तर उतरून घाट चढेल आणि पलीकडे मरेल, किंवा कुणाला तरी मारून येईल. समुद्रात राहिला तर नुसती उलटी होईल त्याला. होऊ दे." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सरकारचा निरोप दिलात. तुमचं काम झालं. आता हवं तर राजधानीला फोन लावा."

*

लाँच दांड्याबाहेर पडली तेव्हा दोन वाजायला आले होते. सुकाणूवर छोटी स्वतः होती. वहिनी पुढे, कठडा दोन्ही हातांनी धरून. लाल बोये एकामागून एक डाव्या हाताला गेले आणि मग मोकळं पाणी लागलं.

सैनिकांच्या पहिल्या जहाजाशेजारून जाताना वरून कुणीतरी हाक मारली. कठड्याला माणसं लगडली होती. तरुण, उन्हानं सोललेली, कुणी बनियनवर, कुणी डोक्याला ओला रुमाल बांधलेलं.

"काय म्हणतोय तो?"

"विचारतोय, हे दक्षिणेचं शहर का," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा विचित्र झाला होता. "त्यांना कुठे आणलंय हेही सांगितलेलं नाही."

"मग तू सांग."

वहिनीनं तोंडाभोवती हात धरले आणि आपल्या माहेरच्या बोलीत ओरडली. वरून एकानं काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि दोघं-तिघं हसले, घरचं कुणी भेटल्यावर हसतात तसे.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, हे तुमच्या युद्धात नसलेलं गाव आहे. इथे तुमचं कुणाशी भांडण नाही. त्यानं विचारलं, बहिणी, तू कुठली? मी गावाचं नाव सांगितलं. म्हणाला, त्या गावच्या पोरी फार बोलतात."

युद्धनौकेची दोरशिडी खाली सोडलेलीच होती. वाटाड्या येणार याची त्यांना खात्री होती. छोटीनं लाँच शिडीपासून दोन हात लांब थांबवली आणि वर चढली नाही. वर कप्तान आला. पांढऱ्या भुवयांचा, थकलेला माणूस. तो खाली वाकून बोलला आणि वहिनी सांगत गेली.

"म्हणतोय, वर या. वेळ थोडा आहे."

"त्याला सांग, मी या बंदराची पायलट. माझा देश तटस्थ आहे. लढणाऱ्या कुठल्याही देशाच्या सैन्याला मी आत नेणार नाही. तुमच्या जहाजाला भोक पडलं असेल, आजारी माणूस असेल, पिण्याचं पाणी संपलं असेल तर सांगा, मी लाँचनं मदत आणून देते. नसेल तर इथून जा."

वहिनीनं ते सांगितलं. कप्तानानं ऐकून घेतलं, तो आत गेला आणि बिनतारी यंत्रावर बोलून तासाभरानं परत आला.

"म्हणतोय, तुमच्या सरकारशी आमचं बोलणं झालंय."

"मग सरकारनं मला लिहून दिलं असतं."

"म्हणतोय, आम्ही वादळात सापडलो आहोत."

छोटीनं आकाशाकडे पाहिलं, मग कप्तानाकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्याच्यावरची नजर हलवली नाही. भाषांतराची गरज पडली नाही. कप्तानाच्या बाजूला उभा असलेला तरुण अधिकारी लाजून दुसरीकडे बघू लागला.

मग कप्तान पुन्हा बोलला, या वेळी हळू, आणि वहिनीनं कठडा घट्ट धरला.

"सांग."

"म्हणतोय, मी तुला उचलून वर आणू शकतो. माझ्याकडे माणसं आहेत."

छोटीनं तळहात जाकिटाला पुसले.

"सांग त्याला, उचल. मी तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तू म्हणशील तिथे वळायला सांगेन. पाचव्या वळणावर कुठे किती वाळू आहे ते मला माहीत आहे, तुला नाही. हे जहाज तिथे आडवं पडलं की मागची चारही बाहेर अडकतील, आणि ओहोटीत त्याचं कंबरडं मोडेल. मी पळून जाणार नाही, तुझ्या शेजारीच असेन. आता तूच ठरव."

वहिनीनं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. वर कुणीतरी खाडकन काहीतरी बोललं. शिडीच्या तोंडाशी दोन शिपाई येऊन उभे राहिले, एकानं पाय पहिल्या पायरीवर टाकला. कप्तानानं त्याला थांबवलं. त्यानं दुर्बीण उचलली होती आणि तो छोटीच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होता.

छोटीनं मागे वळून पाहिलं. खाडीच्या तोंडातून दुसरी लाँच येत होती. मामाची जुनी लाँच, तिचा खोकला लांबूनच ओळखू येत होता. पुढे एक माणूस उभा होता, पाय फाकून, एक हात कमरेवर. बाबा. अशी उभं राहायची ढब साऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाची नव्हती.

तिला वाटलं, आले. कचेरीत सरकारचा फोन आला असणार, आणि मी नाही म्हटलं म्हणून ते स्वतः आले. तिनं वहिनीचा हात धरला, की वहिनीनं तिचा धरला, कुणास ठाऊक.

पण लाँच फार हळू येत होती. भरतीविरुद्ध यावं लागत होतं हे खरं, तरीही फारच हळू, जड ओझं ओढत असल्यासारखी. जवळ आली तेव्हा दिसलं. तिच्यामागे दोरखंडाला बांधलेले, एकमेकांवर आपटत, डुचमळत लाल बोये येत होते. सातच्या सात.

मामा इंजिनापाशी वाकला होता, उघड्या अंगानं. हात कोपरापर्यंत गंजानं तांबडे झाले होते. त्यानं छिन्नीनं एकेका साखळीची कडी तोडली होती. बाबांनी पाण्याच्या अंदाजानं एकेक बोया गाठून दिला होता, आणि मिस्त्रीनं तो तोडला होता. दीड तास दोन म्हातारे हे करत होते.

"छोटे!" बाबांनी हाक मारली. पासष्टाव्या वर्षीही तो आवाज पाण्यावरून सरळ आला. "सुनबाईला म्हणावं, त्या साहेबांना सांग! वाट आता नाही! बघा म्हणावं आपली आपण!"

वहिनीनं सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

कप्तानानं दुर्बीण खाली घेतली. घड्याळ पाहिलं. भरतीला पाऊण तास उरला होता. खुणा नसलेली वाट आपल्या होड्या सोडून मोजून काढायची तर दिवस गेला असता. त्यानं शिडीवरच्या शिपायाला वर बोलावलं. मग त्यानं छोटीकडे पाहून टोपीला हात लावला. तो मान होता की धमकी, हे तिला पुढे आयुष्यभर ठरवता आलं नाही. दोरशिडी वर ओढली गेली.

साडेपाचपर्यंत पाणी बरंच उतरलं. सहाच्या सुमारास नांगरांच्या साखळ्या वाजल्या आणि पाचही जहाजं एकामागून एक उत्तरेकडे वळली. सैनिकांची जहाजं दोन्ही लाँचांच्या जवळून गेली. कठड्यावरून पोरांनी हात हलवले, कुणी रुमाल, कुणी टोप्या. वहिनी उभी राहिली आणि शेवटचं जहाज जाईपर्यंत दोन्ही हात वर करून हलवत राहिली. कुणाला हलवतेयस, असं छोटीनं विचारलं नाही.

या दिवसाचं पुढे काय झालं ते नंतर कळत गेलं. दादानं दुपारी बंदराच्या कचेरीत जाऊन राजधानीला फोन लावला होता खरा, पण तो खात्यातल्या एका मित्राला. सव्वादोन ते सव्वाचार दोघं हवापाण्यावर बोलत बसले, आणि गावातला एकुलता एक फोन अडकून राहिला. महिन्याभरात त्याची नोकरी गेली. छोटीचा परवाना वर्षभर काढून घेतला. जहाजं परत गेली तरी गोळा काही पडला नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा उधाण आलं तोवर दक्षिणेनं घाटापलीकडे चौक्या बांधल्या होत्या आणि शेजारच्या तीन देशांनी आपणही तटस्थ असल्याचं जाहीर केलं होतं. एका छोट्या बंदरानं नाही म्हटलेलं चाललं, मग आपल्याला काय झालं, असं त्यांना वाटलं असावं. पानगळीच्या दिवसांत तह झाला. दादाच्या जुन्या खात्यात यावर नवं कपाट भरलं म्हणे. 'त्या दिवशी वाट दिली असती तर' याचे अहवाल. आईचा आणि बाबांचा हिशेब मात्र सहजासहजी मिटला नाही. तिनं त्यांच्याशी पुढचे पाच महिने कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. समुद्र रिकामा झाला होता, ओहोटी लागली होती आणि दोन लाँच दांड्याबाहेर डुलत उभ्या होत्या.

"आता घरी कसं जायचं?" मामानं विचारलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. "मेहुणे, खुणा तर सगळ्या आपल्या शेपटीला!"

बाबांनी खाडीच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहिलं. कलत्या उन्हात पाणी सगळीकडे सारखंच चकाकत होतं. वाळू कुठे, वाट कुठे, काही दिसत नव्हतं. आयुष्यभर या पाण्यावर त्यांच्यापुढे कुणी गेलं नव्हतं. छोटी वाट पाहत राहिली.

बाबा बाजूला सरकले आणि फळीवर खाली बसले.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मी तुझ्या मागून येतो."